शार्दूलची खंडेनवमी

जनरलचं बोट लाल बटणाच्या वर अर्ध्या इंचावर येऊन थांबलं होतं, आणि त्या अर्ध्या इंचात आतापर्यंत दोन मिनिटं मावली होती.

सदाशिव पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये कुणी मोठ्याने श्वाससुद्धा घेत नव्हतं. कॅमेऱ्यातली टेप तेवढी सरसरत होती. चित्रपटाचा दिग्दर्शक आमोद कॅमेऱ्याशेजारी टाचा उंचावून उभा होता. हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून तो तीन वर्षं ज्या मौनाची वाट पाहत होता ते आज आलं होतं, आणि तेही बँडवाल्याकडून आणलेला गणवेश घालून. एका म्हाताऱ्या बोटाच्या सावलीत निजलेलं एक आख्खं शहर! केवढा अभिनय!

तिसऱ्या मिनिटाला जनरलनी बोट मागे घेतलं, खांद्यावरची सोनेरी झालर सारखी केली आणि म्हणाले, "नाही. आज नाही."

"काऊन थांबले सर?" कॅमेऱ्यामागून पोपट म्हणाला. तो वाशिमचा. एरवी लग्नांचे व्हिडिओ काढायचा. "शॉट तं मस्त चालला होता. मी हळूहळू झूम बी करत होतो."

"संवाद विसरलात का, सर?" आमोदने विचारलं.

"संवाद? बेचाळीस ओळींची कविता आहे ती. मिनिटाला तीस शब्दांनी साडेसहा मिनिटं. तोवर शत्रू येऊन, चहा पिऊन, कप विसळून परत जाईल." सर गणवेशाची बटणं तपासत म्हणाले. "पाठ आहे मला. म्हणेन. पण यंत्राला हात लावणार नाही. आज खंडेनवमी आहे."

आमोदने हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथे शार्दूल उभा होता. 'अंतिम आज्ञा' या चित्रपटातला हा शार्दूल म्हणजे लष्कराने घडवलेलं विचार करणारं यंत्र. शत्रू कोण हे तोच ठरवी, नेम तोच धरी. माणसाच्या हाती उरलं होतं ते एक शेवटचं लाल बटण. ते जनरलनी दाबायचं, शहराची राख व्हायची आणि चित्रपट संपायचा. एवढा एकच शॉट राहिला होता. तोही आजच व्हायला हवा होता, कारण उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर ही इमारत बिल्डरच्या ताब्यात जाणार होती आणि शार्दूल काही दारातून बाहेर निघणारा नव्हता. भिंतीत बसवलेलं लोखंडी कपाट हा त्याचा देह. जुन्या बाजारातले अकरा बंद मॉनिटर हे त्याचे डोळे. खांदे गेल्या वर्षीच्या गणपतीच्या थर्माकोलचे. आणि पुढ्यात कळफलक म्हणून ठेवलेलं टंकयंत्र सरांचं, क्रमांक सात. त्याच्या स्पेसबारवर खोकल्याच्या औषधाचं लाल झाकण चिकटवलं होतं. तेच जगाच्या अंताचं बटण.

आज जनरल झालेल्या यज्ञेश्वर सरांनी याच हॉलमध्ये अडतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता.

सकाळी आमोद आला तेव्हा शार्दूलच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि अकराही मॉनिटरवर हळदीकुंकू. नम्रताला काहीतरी सुचलं असेल, असं त्याला वाटलं होतं.

"अरे, मला वाटलं तुझंच काहीतरी सिम्बॉलिक असेल," कपाटातून शार्दूलचा आवाज आला. नम्रता कंपनीत आमोदच्याच टीममधली. ती सकाळपासून कपाटात बसून स्टीलच्या तांब्यात तोंड घालून बोलत होती. "आणि आमोद, प्लीज लवकर. इथे डांबरगोळ्यांचा एवढा वास आहे की मानवजातीच्या आधी मी जाईन. शिवाय उद्या मला कॉल आहे. सुट्टी आपल्याला असते, अमेरिकेला नसते."

आमोदने दिवसाचा तक्ता केला होता, धोक्यांच्या यादीसकट. वीज जाणे, पोपटला ऐनवेळी लग्न येणे, पारव्यांचा आवाज. नवमीच्या रकान्यात त्याने फक्त 'सुट्टी' लिहिलं होतं. हत्यारांनाही त्या दिवशी सुट्टी असते, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

"सर, हे खरं टायपिंग नाही," तो अजिजीने म्हणाला. "चित्रपटात ते क्षेपणास्त्राचं बटण आहे."

"मग तर मुळीच नाही. शस्त्र म्हणतोस ना? आज शस्त्राचीच पूजा असते. पूजलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलत नाहीत. अडतीस वर्षांत या हॉलमध्ये नवमीला एक कळ वाजलेली नाही. परीक्षा तोंडावर असली तरी नाही."

"आमच्याकडे बी विळा-कोयता हातात घेत नाहीत त्या दिवशी," पोपट म्हणाला.

"मग तुमच्या कॅमेऱ्याला कुंकू लावलंय ते कशाला? शोभेला?"

पोपटने कॅमेऱ्यावरचं बोट जरासं सैल केलं. "पूजा केली, सर. अन् लगेच माफी बी मागून घेतली."

"बरी सोय आहे."

पोपटने आमोदला बाजूला घेतलं. सरांचा चेहरा वेगळा घ्यायचा, हात त्याचा घ्यायचा. क्लोजअपमध्ये कोणाले समजते? पण पोपटच्या मनगटावर 'आई' असं गोंदलेलं होतं आणि नखांना ग्रीस. जनरलचा हात म्हणून ते चाललं नसतं. उरला आमोदचाच हात.

तो सात नंबरसमोर उभा राहिला. खिडकीतून येणारं ऊन कळांवर असं सांडलं होतं, जणू कुणी एक वाक्य अर्धवट टाकून उठून गेलं असावं. आणि मग त्याला आठवलं की खरोखरच कुणी उठून गेलं होतं. बारावीच्या सुट्टीत हेच यंत्र त्याचं होतं. महिनाभर ए एस डी एफ, मग एके दिवशी रस्त्यापलीकडे कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली आणि तो सरावाचा पेपर अर्धवट यंत्रातच ठेवून गेला, तो दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्यामागून एकेक करून सगळेच गेले. सरांनी कुणाच्या घरी निरोपसुद्धा धाडला नाही.

"दाबा की," मागून सर म्हणाले. "आपण दिग्दर्शक. मी अडवत नाही. तेव्हाही अडवलं नव्हतं."

आमोदचं बोट लाल झाकणाच्या वर अर्ध्या इंचावर येऊन थांबलं.

"काय करतोयस?" कपाट म्हणालं. "झालं का दाबून? मला दिसत नाहीये."

"नाही झालं," आमोद म्हणाला. त्याने बोट मागे घेतलं आणि उगाचच शर्टाला पुसलं. "सर, ठीक आहे. जनरल बटण दाबत नाहीत."

"म्हणजे शहर वाचलं?" सरांनी विचारलं.

"वाचलं."

"हे आधी सुचलं असतं तर पहाटे उठून झेंडू आणायला मंडईत जावं लागलं नसतं."

"पण का दाबत नाहीत ते प्रेक्षकांना सांगावं लागेल. दहा मिनिटं द्या, मी नवीन स्वगत लिहितो. वीसच ओळी."

"एकही नको," सर म्हणाले. "चालू करा यंत्र तुमचं."

पोपटने कॅमेऱ्याला नमस्कार करून टेप चालू केली. आमोदने सुरू करायची खूण म्हणून हात खाली केला. कपाटातून, तांब्याच्या तळातून, शार्दूल घोगऱ्या आवाजात म्हणाला, "लक्ष्य निश्चित आहे. जनरल, आज्ञा?"

सर यंत्रासमोर आले. आता हार सारखा करतील, असं आमोदला वाटलं. सरांनी हार उचलून बाजूला ठेवला. मग टेबलाखालून त्यांनी काळं रेक्झिनचं आवरण काढलं, तेच, ज्याच्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगात सात लिहिलं होतं. ते झटकलं आणि यंत्रावर घातलं. लाल झाकण मध्येच टोचत होतं. ते त्यांनी वरूनच, नख न लावता, दोन बोटांनी अलगद चाचपून सुटं केलं. चारही कोपरे खाली ओढले. रोज संध्याकाळी चाळीस यंत्रांवर ते हेच करत आले असणार. शेवटी त्यांनी हार पुन्हा वर ठेवला.

हे कुठल्याच पटकथेत नव्हतं. पोपट झूम करायचं विसरला होता.

"जनरल?" शार्दूलने विचारलं. नम्रताला आतून काहीच कळत नव्हतं. "आज्ञा?"

सरांनी खिशातून हॉलच्या किल्ल्या काढून टेबलाच्या कडेला ठेवल्या. मग पायताण शोधलं, घातलं आणि दाराकडे वळले. कट म्हणायला हवं, हे आमोदला ठाऊक होतं. बँडवाल्याच्या गणवेशातली ती ताठ पाठ दारात आली तेव्हा त्याच्या तोंडून वेगळंच निघून गेलं.

"सर, पेपर अजून आहे का? माझा? यंत्रात राहिलेला?"

"जनरल, आज्ञा काय?" कपाटही त्याच क्षणी म्हणालं, आता जरा चिडून.

लाकडी जिन्याची एकेक पायरी वाजत गेली. खाली रस्त्यावर कुणीतरी आनंदाने विचारलं, "काय हो, वरात कुणाची?" त्यालाही उत्तर न देता जनरल दुकानांच्या तोरणांखालून चालत निघून गेले.