खोशेखचं टिंब

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि सध्या माझा पार गोंधळ उडालेला आहे. एका शब्दाचा अर्थ मला काही केल्या लागत नाही.

माझा जन्म मझौली गावातला. गणपत सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि वरून काळा रंग दिला. मग शहरातल्या मदन महल भागातल्या एका शाळेत मी पाढे आणि बाराखडी अंगावर मिरवली. तपासणीला साहेब आले की माझ्यावरच्या अक्षरांचं कौतुक व्हायचं. मग शाळेत पांढरे चकचकीत फळे आले. मला ठेल्यावर घातलं. ठेला खड्ड्यात आपटला आणि माझ्या वरच्या कडेजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडून आतलं फिकट लाकूड दिसू लागलं. सिविल लाइंसमधल्या एका चर्चने मला मागच्या खोलीत टांगलं. तिथे बरीच वर्षं मला कोणी खडूही लावला नाही.

मग गुणवंत सर आले. ते नागपूरहून इथल्या कॉलेजात शिकवायला आले होते आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. दर शनिवारी ते त्या खोलीत पाच-सहा जणांना हिब्रू, म्हणजे चर्चच्या जुन्या धर्मग्रंथाची मूळ भाषा, शिकवत. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. पहिल्या दिवशी मला वाटलं, सरांचंच काहीतरी चुकतंय.

एका शनिवारी त्यांनी अगदी वरती तीन अक्षरं लिहिली. मधलं अक्षर त्रिशूळासारखं होतं. त्याच्या उजव्या टोकावर टिंब दिलं तर 'श', डाव्या टोकावर दिलं तर 'स', आणि स्वर लिहीत नाहीत, ते शब्द ओळखून वाचायचे, असं त्यांनी समजावलं. मग दुर्वाला वाचायला सांगितलं. दुर्वा बँकेत नोकरीला, अमरावतीहून बदली होऊन आलेली.

तिने वाचलं, "खासाख. म्हणजे राखून ठेवलं, दिलं नाही."

"नीट पाहा," सर म्हणाले. "खोशेख. अंधार."

"टिंब तर डावीकडे दिसून राहिलं, सर."

सरांचा आवाज चढला. एरवी तो कधी चढत नसे. टिंब आपण उजवीकडेच दिलं, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. मी गोंधळलो. त्यांनी खडू टेकवला होता खरा, पण माझ्यावर नाही, वरच्या चौकटीवर. डाव्या टोकावर दिसत होता तो माझा टवका.

दुर्वा उठून जवळ आली. तिने चौकटीवरचा खडू पाहिला, टवक्यावरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "सर, तुम्हाला फळा दिसत नाही का?"

सर खुर्चीवर बसले. त्यांनी सांगितलं, की दिवाळीपासून उजव्या डोळ्याने दिसत नाही, डाव्यापुढे धुकं असतं. पत्नीला, मीनाक्षीबाईंना, सांगितलं नव्हतं. त्या घराबाहेर पडू देणार नाहीत आणि वर्ग बंद पडेल, ही भीती.

"तू वाचलंस ते चुकलं नाही, दुर्वा," ते म्हणाले. "मी राखूनच ठेवलं."

दुर्वाने त्यांना घरी पोहोचवलं. मीनाक्षीबाई रागावल्या नाहीत, नुसत्या रडल्या, असं तिने नंतर वर्गात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा गेला, वेळेत आले असते तर तोही वाचला असता; डावा औषधाने टिकेल. आता मीनाक्षीबाई स्वतः सरांना घेऊन येतात आणि मागच्या बाकावर बसतात. सर बोलतात, दुर्वा लिहिते.

परवा सर म्हणाले, 'खासाख'चा अजून एक अर्थ आहे, एखाद्याला संकटातून वाचवणं. झालं, माझा गोंधळ आणखी वाढला. अंधार, राखून ठेवणं आणि वाचवणं, तिन्ही त्याच तीन अक्षरांत? सरांनी लपवलं ते मीनाक्षीबाईंना वाचवायला, की स्वतःला? आणि खरा अंधार कुठला, डोळ्यांतला की न सांगितलेला? मला ठरवता येत नाही.

एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या घरातलं किंवा शाळेतलं कोणी मोठं माणूस उगाच चिडू लागलं, तर दुखावून लांब जाऊ नका. जवळ जाऊन हळू विचारा. सरांना दिवाळीतच कोणी विचारलं असतं, तर त्यांचा उजवा डोळाही आज वर्ग पाहत असता.