उजेडाची मात्रा

"घरी दोन वेळा उजेडात बसलात ना?" वच्छला सिस्टरने विचारले.

सरदारबीने बुरख्याचा पडदा अर्धाच वर केला. भुवईवरचे फोड तीन दिवसांत पापणीच्या कडेला टेकले होते.

"फोडांवरचा रंग पुसला न्हाय की."

"मी उजेडाचं विचारतेय."

उत्तर तिच्या जावेने, अजीजाने दिले. "उजेडात कुटं बसणार, बाई? अंगणासमोरच माग. मागावरली माणसं दिवसभर दारात चा पीत उभी. आतल्या खोलीत ठेवली, खिडकीला गोणपाट लावलं. फोडांना ऊन दाखवत न्हायती."

वच्छलाने केसपेपर पाहिला. सकाळीच डॉक्टर लिहून बार्शीच्या शिबिराला गेले होते : गुण नाही, औषध बंद.

लाल रंग फोडातल्या विषाणूत शिरतो आणि प्रकाश पडला की विषाणू निकामी होतो. अंधारात तो नुसता रंग. तिने 'उजेडात बसा' एवढेच सांगितले होते. कुठे, ते विचारले नव्हते. डॉक्टर परवा येणार होते. तोवर फोड बुबुळावर गेले तर डोळा जाईल.

तिने सुई उकळली, फोड टोचले, रंग लावला.

"होळीच की गं," अजीजा म्हणाली.

वच्छलाने बटण दाबले. ट्यूब लागली नाही. वीज गेली होती.

"गच्चीवर चला."

"वर समोरनं मर्दांच्या वॉर्डाच्या खिडक्या हायत, सिस्टर," सरदारबी हळूच म्हणाली.

वच्छलाने खाटेवरची चादर ओढून घेतली. वर गेल्यावर तिने सरदारबीला सूर्याकडे तोंड करून बसवले, डोळ्यावर ओला कापूस ठेवला आणि खिडक्यांच्या बाजूने चादर उंच धरली. दुसरे टोक अजीजाने धरले. जाड सुताची ती चादर पाच मिनिटांत दगडासारखी जड झाली. वच्छला मनगटावरच्या घड्याळाकडे मान वाकडी करून बघत राहिली. केसपेपरवर आपण काय लिहिणार, हे तिने अजून ठरवले नव्हते.

"झाली पंधरा मिनिटं."

सरदारबी उठली नाही. पडदा मागे टाकून तिने मान आणखी वर केली होती.

"जरा बसू का, बाई? लगीन झाल्यापासनं तोंडावर ऊन घेतलं न्हाय."

खालून कुणीतरी सिस्टरला हाक मारली, मग पुन्हा मारली. वच्छलाने घसरलेली चादर खांद्याच्या वर नेली आणि तशीच उभी राहिली.