उठावाची अक्षरं

सर्जेरावांना अक्षरं ओली हवी होती. २०१६ चा मे महिना, शहरातल्या गारखेड्यात नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही भांडी घासून होईपर्यंत टिकलं तर नशीब, आणि हे गृहस्थ खुर्चीत ऐसपैस रेलून सांगत होते, "म्याडम, 'पाणी' वाचल्याबरोबर बघणाऱ्याला गार वाटलं पायजे."

म्याडम म्हणजे हिमानी. एका जिमच्या डोक्यावर दोन संगणकांचं डिझाइनचं दुकान होतं, तिथं ती सहा वर्षं नोकरीला होती. सर्जेराव बिडकीन रस्त्यावरच्या एका नव्या वसाहतीतली घरं विकायचे. तिकडे कारखाने येणार, वाळूजसारखी दुसरी उद्योगनगरी होणार, असं सगळं शहर बोलत होतं. त्यांच्या माहितीपत्रकावर आणि मोबाइलच्या पानावर सहा छोटी चिन्हं टाकायची होती. पाणी, रस्ता, वीज, शाळा, बाग, मंदिर. एकेक चिन्ह नखाएवढं, आणि त्या नखात नटवलेली अक्षरं.

नखाएवढ्या जागेत अक्षर नटवणं म्हणजे तांदळाच्या दाण्याला पैठणी नेसवणं. हिमानीनं फोटोशॉपमध्ये आठपट मोठं करून 'पाणी' सजवलं. काचेसारखी चकाकी दिली, खाली निळी सावली सोडली, वेलांटीच्या टोकाला थेंब लोंबवला. पडद्यावर काय देखणं दिसत होतं! मूळ मापात आणलं की त्याचा नुसता डाग व्हायचा. तीन वेळा केलं, तीन वेळा परत आलं. तिसऱ्यांदा सर्जेराव म्हणाले, "हे पाणी हाय का गटार?" मालकानं तिच्याकडे असं पाहिलं की ती समजून चुकली. हे गिऱ्हाईक गेलं तर दुसऱ्या संगणकाची गरज उरणार नव्हती.

त्या संध्याकाळी घरी तिची नजर बैठकीतल्या चौकटीवर गेली. तिचे वडील दत्तोपंत नोंदणी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्या वेळचं प्रमाणपत्र त्यांनी देवघराच्या शेजारी लावलं होतं. त्यावर शाईविना उमटलेला, बोटाला लागणारा उठावाचा शिक्का होता. नाण्याएवढा गोल, काठाला ठिपके, आणि आतली बारीक अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. रंग नाही, चकाकी नाही. डावीकडून उजेड, उजवीकडे केसाएवढी सावली, बस्स. कोण्या जुन्या कारागिरानं हे कोडं कधीच सोडवून ठेवलं होतं. तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तोच उजेड, तीच सावली, तेच ठिपके उचलून मधोमध लिहिलं, 'पाणी २४ तास'.

सर्जेराव खूश झाले. "आता कसं! एकदम सरकारी वजन आलं."

"पण पाणी खरंच चोवीस तास आहे?"

"लाइन मंजूर व्हायलीय ना."

तिनं खाली 'प्रस्तावित' असा शब्द घातला. सर्जेरावांनी चष्मा वर करून पाहिलं. "कोणाला दिसायलंय ते? उगं मुंगी बसल्यावानी वाटतंय. काढा." ते खरंही होतं. त्या मापात तो शब्द कुणाच्या बापाला वाचता आला नसता. कामातलं कारण हाताशी असलं की मन कसं पटकन गप्प बसतं! तिनं तो काढला.

पंधरा दिवसांनी, रविवारी, तेच माहितीपत्रक तिच्या घरी आलं. आणलं मोतीरामनं. मोतीराम दत्तोपंतांचा शिपाई, सत्तावीस वर्षं त्यांच्या फायली वाहिलेला. दोघंही निवृत्त झाले तरी रविवारचा चहा चुकला नव्हता. जुन्या वस्तीत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको सत्यभामा गुडघ्यांनी जायबंदी झालेली, तरी टँकर आला की कळशी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जायची.

"साहेब, हितं घर घ्यावं म्हणतो. जुनं इकून टाकतो. सत्यभामेला नळाचं पाणी मिळालं म्हंजे मी सुटलो." त्यानं पत्रक दोन्ही हातांनी पुढं केलं. "तुमी एकदा नजर घाला. तुमी म्हणाल तर घेतो, नाय तर नाय."

दत्तोपंतांनी भिंग काढलं. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो कागदांवर शिक्का उमटवला होता, आणि एकही न तपासता उमटवला नव्हता, हा त्यांचा अभिमान. जगात बाकीचेही तसेच वागतात, ही त्यांची समजूत. पाण्याच्या चिन्हावर भिंग थांबलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, हा तर आपल्या कचेरीचा घाट! काठाचे ठिपके बघ. सरकारनं पाहिल्याशिवाय असं छापायची कुणाची छाती आहे? घे, मोतीराम. डोळे मिटून घे."

हिमानी दारात उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "ते चिन्ह मी केलंय. संगणकावर."

दत्तोपंत हसले. "रंग तू भरले असशील. शिक्का काय दुकानात बनतो?" मोतीरामही साहेब हसले म्हणून हसला.

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं. या भिंतीवरच्या चौकटीचा फोटो काढला, बाबा, तुमच्याच कागदावरून उचललं. पण बापाच्या इभ्रतीची नक्कल आपण बिल्डरला विकली, हे त्याच्या शिपायासमोर सांगायचं? आणि सर्जेरावांच्या कानावर गेलं तर? ती चहा ठेवायला आत गेली. आधण उकळेपर्यंत तिनं स्वतःची समजूत घातली. मी सांगितलं तर आहे. त्यांनीच ऐकलं नाही.

मोतीरामनं जुनं घर विकलं. नव्याचा ताबा मिळायला दोन वर्षं गेली. मग २०१८ चा पावसाळा कोरडा गेला आणि पुढचा उन्हाळा अंगावर आला. वसाहतीतल्या घराघरांत चकचकीत नळ होते, आणि त्यांतून फुंकर मारल्यासारखी नुसती हवा यायची. टँकर आठवड्यातून एकदा. जुन्या वस्तीत गल्लीचं तोंड तरी जवळ होतं. इथं सत्यभामेला मोठ्या रस्त्यापर्यंत जावं लागे, आणि एका दुपारी ती भरल्या कळशीसकट पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा उठून चालली नाही.

दत्तोपंत पेटून उठले. स्वच्छ अक्षरात तक्रार लिहिली, पत्रक जोडलं, आणि इस्त्रीचा सदरा घालून आपल्याच जुन्या कचेरीत गेले. नव्या कारकुनानं पत्रक उलटं धरून पाहिलं, मग सुलटं.

"काका, हा कसला शिक्का? हे कम्प्युटरवर कोणीपण करतं. माझी मुलगी सातवीत आहे, ती करते." मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं.

ते घरी आले आणि चप्पल न काढता बैठकीत उभे राहिले. हिमानी कामावरून नुकतीच आली होती.

"तू त्या दिवशी म्हणाली होतीस."

"हो."

"खरं होतं?"

"हो, बाबा."

"मग एकदाच का म्हणालीस?"

दत्तोपंत आत गेले. रात्री जेवले नाहीत.

रविवारी ठरल्या वेळी मोतीराम आला. त्याची चाहूल लागताच आतल्या खोलीत खाटेवर पडलेले दत्तोपंत कुशीवर वळले आणि त्यांनी डोक्यावर पांघरूण ओढलं. मे महिन्यात पांघरूण! इतक्या वर्षांत ते मोतीरामसाठी उठले नाहीत असं पहिल्यांदाच झालं.

"साहेब झोपलेत व्हय? झोपू द्या." तो जमिनीवरच टेकला. "तिची सेवा करतो. काय करता, नशिबाचं हाय."

हिमानी त्याच्यासमोर खाली बसली. या वेळी तिनं काहीही मागं ठेवलं नाही. चौकट दाखवली, फोटो सांगितला, काढून टाकलेला शब्द सांगितला. "काका, नशिबाचं नाही. ते मी केलं. बाबा म्हणाले घे, तेव्हा मला ठाऊक होतं, आणि मी चहा करायला गेले."

मोतीरामनं टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. ओरडेल, निदान रडेल, असं तिला वाटत होतं, हवंच होतं. त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"ताई, जे झालं ते झालं. पण साहेबांना यातलं कायबी सांगू नका. त्यांना लई लागंल."

आतून खाटेचा आवाज आला. मग तोही थांबला. मोतीराम उठला, साहेबांच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं आणि चहा न घेता गेला.