तुळईच्या अलीकडे

कापितोलिनाने तिरक्या वाशाच्या पायथ्याशी पाचर ठोकली, दोन पावलं मागे सरली आणि वर पाहून हाळी दिली.

"ओढा! हिसका नको. श्वासाबरोबर ओढा!"

भिंतीच्या माथ्यावर उभ्या असलेल्या सहा जणांनी दोर खेचले. पाइनची तुळई दोन वाशांवरून एक गिरकी घेऊन वर चढली आणि थांबली. पुन्हा गिरकी, पुन्हा थांबली. त्या सहांत कापितोलिनाची मुलगी लुकेर्या होती, सतरा वर्षांची नात उस्तिन्या होती, बाकीचे शेजारी. तुळई चढवायच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवावं लागत नाही. माशाचं सारण भरलेला पिरोग भाजल्याचा वास पुरतो. जावई रोदियोन भिंतीवरच हातात पहार घेऊन डाव्या टोकाशी वाकला होता.

समोर एका ओंडक्यावर म्हातारा पाम्फिल तंबाखूची सुरळी ओढत बसला होता. नदीच्या या वळणावरच्या एकोणीस घरांपैकी अकरा त्याच्या कुऱ्हाडीने उभी राहिलेली. कापितोलिनाने मोजली होती. तिला सगळंच मोजायची खोड होती.

"जावईबापू," पाम्फिल खालून म्हणाला, "तुळई वरच न्यायचीय ना आज? नाही म्हटलं, आधी विचारलेलं बरं."

भिंतीवरचे शेजारी हसले. एकाच्या हातातला दोर सैल पडला.

"वरच, बाबा," रोदियोन म्हणाला. "खाली ठेवून पाहिली, पण माणसं अडखळायला लागली."

कापितोलिना हसली नाही. तिने उगाचच दुसऱ्या पाचरीवर दोन घाव घातले.

दोन वर्षांपूर्वी बर्फ वितळताना नदीने काठ कुरतडला आणि तिचं घर भट्टीसकट पाण्यात गेलं. तेव्हापासून चार माणसं, एक मांजर आणि तीन कुऱ्हाडी अशी सगळी मंडळी मागच्या सुट्या न्हाणीघरात राहत होती. अंघोळ करायची तर बिछाने बाहेर, झोपायचं तर बादल्या बाहेर. त्या वेळी ती पाम्फिलकडे दोनदा गेली. पहिल्यांदा तो म्हणाला, बघू. दुसऱ्यांदा म्हणाला, "तुझ्या घरात पुरुष कोण, कापा? बोटीवरचा आचारी, त्यातून घरजावई. तो गाजर कापेल की ओंडका? जिथे त्याची कुऱ्हाड फिरली तिथे माझी फिरणार नाही. आणि तुम्ही जे काही उभं कराल ना, त्याला मी घर म्हणायचा नाही." पाम्फिल ज्याला घर म्हणत नसे त्याला गावात कुणीच म्हणत नसे. पहिलं झाड पडायच्या आधीच लोकांच्या तोंडी 'कापितोलिनाचं खुराडं' बसलं होतं.

मग त्यांनी आपलं आपणच बांधायला घेतलं. पहिल्या हिवाळ्यात जंगलात झाडं पाडली, तिथेच बावन्न ओंडके एकमेकांत बसवून चार भिंती उभ्या केल्या आणि उन्हाळाभर वाळू दिल्या. दुसऱ्या हिवाळ्यात त्या उतरवून घसरगाडीवरून गावात आणल्या. उतरवताना प्रत्येक ओंडक्यावर कुऱ्हाडीने आकडा घालायचा असतो, म्हणजे पुन्हा चढवताना चूक होत नाही: तळाचा थर एक, माथ्याचा तेरा. पण आकडे घालणाऱ्याने जो थर पहिल्यांदा खाली आला त्यालाच 'एक' घातला. म्हणजे माथ्याच्या थराला. जूनमध्ये गावात तिसरा थर चढला तेव्हा पाम्फिल रस्त्याने जाता जाता थांबला. माथ्याला हव्या त्या तुळईच्या खाचा गुडघ्याएवढ्या उंचीवर आलेल्या पाहिल्या आणि म्हणाला, "छान. छपराकडून सुरुवात केली म्हणजे काम चालू असताना डोकं भिजत नाही."

संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावाला पाठ झालं. सगळ्यांनी ते रोदियोनच्या नावावर लिहून टाकलं. आचारी तो, त्याला काय कळतंय. रोदियोनने बारा ओंडके मुकाट्याने खाली उतरवले, एक शब्द बोलला नाही.

आकडे कापितोलिनाने घातले होते. तीही एक शब्द बोलली नाही.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. फटींत भरायला रोदियोनने दलदलीतून एकसष्ट पोती शेवाळ पाठीवरून आणलं. कापितोलिनाने प्रत्येक पोतं मोजून घेतलं आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं, आज सांगू. आता सप्टेंबर लागला होता आणि सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरत होता.

तुळई माथ्यावर आली. ती दोन बाजूंच्या भिंतींवरून लोटत मध्यावर नेली आणि टोकं खाचांत सोडली. उजवं टोक लुकेर्याच्या बाजूला धप्पकन बसलं. डावं, जिथे रोदियोन आता मोगरी घेऊन उभा होता, बोटभर वर राहिलं.

कापितोलिनाने खालूनच नजरेने फट मोजली.

"हाण की लेका!" भिंतीवरून एक शेजारी ओरडला. "मोगरी कशाला दिलीय हातात?"

"हाणू नकोस," लुकेर्या पलीकडून म्हणाली. "तडकेल."

पाम्फिलची सुरळी ओठांपर्यंत जाता जाता थांबली होती. तो उभा राहिला होता आणि आपण उभे आहोत हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. एवढ्या घालमेलीतही कापितोलिनाने ते टिपून ठेवलं.

रोदियोनने मोगरी बाजूला ठेवली. बाही कोपरापर्यंत सारली आणि पातेल्याच्या तळाशी काय लागलंय ते बघावं तशी बोटं खाचेत घातली. सावकाश चाचपलं. मग करंगळीएवढी ढलपी बाहेर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"काटा राहिला होता," तो म्हणाला.

मोगरीचा एकच ठोका पडला. तुळई खाली बसली आणि चारही कोपऱ्यांतून एकदम एक जाड, भरलेला आवाज आला. न्हाणीघराच्या छपरावरचे कावळे उडाले. लुकेर्याने भिंतीवरच बसकण मारली.

"ए आचारी," ती नवऱ्याला म्हणाली, "आता जेवायला घालशील का लोकांना?"

उस्तिन्या खाली उतरली. मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळलेला पिरोग दोराने तुळईच्या मधोमध टांगला गेला. आता कुणीतरी माथ्यावरून चारही भिंतींना फेरी मारायची, जव उधळायचे आणि तुळईवर येऊन दोर तोडायचा. हे काम मिस्त्रीचं. गावात मिस्त्री एकच, आणि तो खाली उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

रोदियोनने बूट काढले.

"अरे, पडशील!" पाम्फिल ओरडला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"बाबा, वादळवाऱ्यात बोटीच्या कठड्याकडेने दोन हातांत दोन पातेली घेऊन गेलोय मी. वीस जणांचा रस्सा, थेंब सांडला नाही. आणि ही भिंत तर हलतही नाही."

तो निघाला. एका हाताने जव उधळत, दुसरा नुसता कमरेवर ठेवून, जणू स्वयंपाकघरातून जेवणघरात चाललाय. कोपऱ्यावर वळताना थांबायचासुद्धा नाही. कापितोलिनाने पावलं मोजली. एकेचाळीस झाली. एकाही पावलाशी ओंडका कुरकुरला नाही. मग तो तुळईवर आला, वाकला, सुरी फिरवली, आणि खाली उस्तिन्याने कोटासकट पिरोग छातीशी झेलला. शेजाऱ्यांनी असा गलका केला की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकू लागली.

सगळे खाली उतरले, दाराच्या जागेतून आत आले आणि जिथे जागा मिळाली तिथे टेकले. रोदियोन पिरोग कापून वाढत होता. पाम्फिल भिंतीला बाहेरून वळसा घालत आला. दोन ओंडक्यांच्या मध्ये त्याने आपल्या चाकूचं पातं घालून पाहिलं. तीन ठिकाणी पाहिलं. पातं जाईना. त्याने चाकू खिशात ठेवला आणि दारातून मान वर करून तुळईच्या टोकाकडे बघत राहिला.

"खाच कुणी मोजली?"

"त्याने," कापितोलिना म्हणाली. "सगळ्याच त्याने मोजल्या. उलटे आकडे घातले ते मी."

खाणारे हात थांबले.

"आई, जाऊ द्या ना," रोदियोन हलक्या आवाजात म्हणाला. "पिरोग गार होतोय."

"होऊ दे. अख्खा उन्हाळा गिळून बसले, आता नाही गिळवत. बारा ओंडके माझ्यापायी उतरवले त्याने, आणि हसलात तुम्ही त्याला. आता मला हसा."

कुणी हसलं नाही. पाम्फिलने तिच्याकडे पाहिलं, रोदियोनकडे पाहिलं. मग तो दारातून आत आला, चार पावलं टाकली आणि बरोबर जिथे डोक्यावर तुळई होती, तिथे थांबला.

सकाळपासून शेजारी त्या जागेवरून कुऱ्हाडी घेऊन, दोर घेऊन, आता तोंडात घास घेऊन ये-जा करत होते. ते कामाला आलेले. पाहुण्याचं वेगळं. पाहुणा तुळईच्या अलीकडे थांबतो आणि घरच्या माणसाने बोलावल्यावरच पलीकडे पाऊल टाकतो. अर्थात, ते घर असेल तर.

वर छप्पर नव्हतं, आभाळ होतं. खिडक्या नव्हत्या, भट्टी नव्हती. पाम्फिलने टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि उभा राहिला.

कापितोलिनाने मनात दहापर्यंत मोजलं. मग आणखी दहा मोजले, ते स्वतःसाठी.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "घरधनी तो. त्याला वाटलं तर बोलावेल."

रोदियोनच्या हातातली सुरी तशीच राहिली. उस्तिन्याने बापाला कोपराने ढोसलं. त्याने सुरी फडक्याला पुसली, एक बाजू, मग दुसरी, आणि सरळ उभा राहिला.

"या, पाम्फिलबाबा," तो म्हणाला. "तेवढे पाय पुसून या."

पाम्फिलने खाली पाहिलं. खाली माती होती आणि घोटाभर ढलप्या. त्याने आधी डावा बूट नीट पुसला, मग उजवा.