मी ‘बदल नको’ बोलतोय

मी ‘बदल नको’ बोलतोय. ओळखलंत का? नोकरीच्या परीक्षेत एक वाक्य देतात, त्यातल्या एखाद्या शब्दाखाली रेघ ओढतात आणि विचारतात, इथे काय हवं? खाली चार पर्याय. पहिले तिघे ‘असं करा, तसं करा’ म्हणून गिऱ्हाइकाची बाही ओढत असतात. चौथा तळाशी गप्प उभा असतो, तो मी. माझं म्हणणं एवढंच, की आहे ते ठीक आहे, उगाच हात लावू नका.

माझा जन्म एका निवृत्त मास्तरांच्या टेबलावर झाला. माझ्या तीन भावांसाठी मास्तर चहा गार होऊ देत. एकाचा वाक्प्रचार किंचित वाकडा करायचा, दुसऱ्याचं लिंग-वचन असं बिघडवायचं की कानाला गोडच लागावं, तिसऱ्याला भारदस्त शब्दांचा कोट चढवायचा. माझी पाळी आली की दोन शब्द खरडले, संपलं. बाजारातही तेच. खोट्या मालाला वेष्टण झकास, खरा माल रद्दीत गुंडाळलेला.

म्हणून तर लोक मला टाळतात. एका कापडवाल्याने म्हणे पहिल्याच बोलीत वाजवी भाव सांगायचा नेम केला. गिऱ्हाइकं कापड चोळून बघत, उजेडात धरून बघत, आणि ‘यात काहीतरी खोट असणार’ म्हणून शेजाऱ्याकडे जाऊन खुशाल फसून येत. शेवटी त्यानेही भाव चढवून घासाघीस सुरू केली, तेव्हा कुठे दुकान चाललं. सरळ गोष्ट माणसाच्या पचनी पडत नाही, त्याला कोण काय करणार!

पण मला वहिनींइतकं कुणीच तुच्छ लेखलं नसेल. खाली शिवणाचं दुकान, वर बिऱ्हाड, त्या घरातल्या या थोरल्या सूनबाई. त्यांना छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी हवी होती. दोनदा परीक्षा थोडक्यात हुकली होती आणि पुढल्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे यंदा नाही तर जन्मभर काजं आणि बटणं.

व्याकरण त्यांचं पक्कं होतं. पण धडधाकट वाक्य दिसलं की त्याला आजारी पाडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

“वहिनी, त्या वाक्यानं तुमचं काय घोडं मारलंय?” धाकटा दीर विचारायचा.

“भाऊजी, तुम्ही कात्री चालवा. जीभ नको.”

एका दुपारी वहिनी काजं करत होत्या आणि सासूबाई चष्मा लावून सरावाच्या पुस्तकातले प्रश्न वाचून दाखवत होत्या.

“‘कुत्रा अंगावर येताच पाहुण्यांच्या तोंडचे पाणी पळाले.’ ‘पळाले’खाली रेघ आहे. काय हवं?”

“सुटले.”

“अगं, कुत्रा बघून कुणाच्या तोंडाला पाणी सुटतं?”

दीर कात्री टाकून हसायला लागला. वहिनी वरमल्या, पण हटल्या नाहीत. “मग दुसरं काहीतरी चुकलं असेल. त्याशिवाय विचारतील कशाला?”

सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “मी तुला रोज विचारते, दाराला कडी लावलीस का. म्हणून काय दार उघडं असतं?”

“नसतं.”

“मग?”

“मग काय! तुम्ही विचारलंत की मी उठते, कडी काढते आणि परत लावते.”

“रोज?”

“रोज.”

सासूबाईंनी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. “अगं, मी आपली सवयीनं विचारते. माझी सासू मला विचारायची.”

“आणि तुम्ही काय करायचात?”

“जागची हलत नसे. ‘लावलीय’ म्हणायचे, झालं!”

परीक्षेचा दिवस उजाडला. पेपर आमच्याच मास्तरांनी काढलेला. काढताना घरी व्याही टपकले, म्हणून घाईत त्यांनी ओळीने चार प्रश्नांत मलाच बरोबर ठेवलं होतं. वहिनींनी पहिल्या प्रश्नात मला घेतलं, दुसऱ्यात घेतलं, तिसऱ्यात कपाळाचा घाम पुसून घेतलं. चौथ्याला मात्र त्यांचा धीर सुटला. सलग चार कसे असतील? शेजारची बाई तर वर-खाली कसे छान विखुरलेले गोल काळे करत होती! वहिनींची पेन्सिल माझ्या दुसऱ्या भावाच्या डोक्यावर जाऊन टेकली. तो लबाड गालात हसत होता. मी मनातून आकांत करत होतो, पण पर्यायाला कुठला आलाय आवाज!

पेन्सिल दाबण्याआधी वहिनींनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, अगदी शेवटपर्यंत.

“बाई, मनात वाचा,” पर्यवेक्षक म्हणाले.

“लावलीय!” वहिनी एकदम बोलून गेल्या.

“काय लावलीय?”

“काही नाही, काही नाही,” म्हणत त्यांनी माझा गोल काळा केला. तोंड काळं होऊन आनंदलेला जगात मी एकटाच असेन.

वहिनी आता छापखान्यात बसतात. ते पुस्तक दिराकडे आलंय, कारण त्यालाही आता नोकरीची हौस आली आहे. पण वहिनींच्या यशातून पठ्ठ्याने भलताच धडा घेतला. तो प्रश्न वाचतच नाही, जिथे तिथे मलाच निवडतो. ‘आम्ही काल गावाला जाऊ’ या वाक्यालासुद्धा त्याने मलाच साक्षीला उभं केलं. लाजेने अर्धा झालो हो मी!

तर मंडळी, निरोप घेता घेता एक विनंती. आधी वाक्य नीट वाचा. वाचून मला नाकारलंत, तर माझी काही तक्रार नाही. न वाचता निवडलंत, तर मात्र तुमचा मार्क खाऊन ढेकर देईन, आणि वर शहाजोगपणे म्हणेन, माझ्यात काही बदल नको.