घशात डोकावणारा आरसा

मी एक जुना, घशात डोकावणारा आरसा आहे. तोंड माझं नाण्याएवढं, मान तिरकी आणि दांडा लांब. माझ्यात पाहून कोणी भांग पाडत नाही. पण मित्रांनो, माणसाला स्वतःचं जे कधी दिसत नाही, ते देवाने मला दाखवलं. त्याचे उपकार मी रोज आठवतो.

कारखान्यातून मी एका घशाच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आलो. बाई मला आधी स्पिरिटच्या दिव्यावर शेकत, म्हणजे श्वासाची वाफ माझ्यावर धरू नये. मग स्वतःच्या हाताला लावून बघत, चटका तर बसत नाही ना. त्यानंतरच मी कोणाच्या तोंडात जाई. इतकी माया किती वस्तूंच्या वाट्याला येते?

एकदा बसस्थानकावर गाड्या पुकारणारे गृहस्थ आले. सगळे त्यांना भोंगाकाका म्हणत. सोबत नजर गेलेली म्हातारी आई. काकांचा आवाज कितीतरी दिवस बसलेला होता.

"जीभ बाहेर काढा आणि 'ई' म्हणा," बाई म्हणाल्या.

"सगळं स्थानक मला तोंड मिटायला सांगतं," काका घोगरेपणाने म्हणाले. "उघडायला सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

मी आत गेलो. स्वरतंतूच्या कडेला पांढुरका डाग दिसला. तुकडा काढून तपासला. कर्करोग होता, पण अगदी सुरुवातीचा.

"आवाज राहील ना?" काकांनी आधी हेच विचारलं. रोज सकाळी ते आईला प्रार्थनेच्या पुस्तकातलं पान वाचून दाखवत. ते ऐकल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नसे.

बाईंनी सावकाश समजावलं. "दोन वाटा आहेत. बरं होण्याची आशा दोन्हींत जवळपास सारखी. किरणांचा उपचार घेतलात तर कापाकापी नाही, आवाजही बहुधा चांगला राहतो. पण सहा-सात आठवडे, सुट्टीचे दिवस सोडून रोज सकाळी यायचं. घसा सोलवटतो, गिळताना दुखतं. आणि त्याच जागी किरण सहसा पुन्हा देता येत नाहीत. शस्त्रक्रिया तोंडातूनच होईल, एक-दोन दिवसांत घरी जाल. आवाज थोडा खरखरीत राहू शकतो. पण पुढे गरज पडलीच, तर किरण हाताशी उरतात."

"म्हणजे सहा-सात आठवडे सकाळी हा घरी नाही?" आईने विचारलं.

"आणि आवाज खरखरीत झाला तर?" काका म्हणाले.

"लहानपणी कुठे कोकीळ होतास?"

काकांनी शस्त्रक्रिया निवडली. दुसऱ्या कोणी किरण निवडले असते, तर तेही योग्यच ठरलं असतं.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. तपासणीला आले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी नुसतं पुस्तक उघडून हिच्यापुढे बसलो. म्हटलं, आज चहा गार होणार. तर हिने अख्खं पान घडाघडा म्हटलं. वर म्हणते, उलट पान."

"आजी, सगळं पाठ होतं तर रोज वाचायला का लावत होता?" बाईंनी विचारलं.

"पाठ आहे असं सांगितलं असतं," म्हातारी म्हणाली, "तर हा माझ्यापाशी बसला असता का?"

काकांनी आईचा हात धरला. बाईंनी मला शेकलं, आणि मी पाहिलं, तर डागाची जागा स्वच्छ होती. आवाज जरा खरखरीत राहिला. पण भोंग्यातून कोणाला कळतंय? सकाळचं वाचनही सुरू झालं. आता काका चुकले की आई उघड सांगते.

पुढे दुर्बीण आली. पडद्यावर घसा मोठा दिसू लागला आणि मी खणात गेलो. दुःख नाही. बाई अजून मला अधूनमधून पुसून ठेवतात.

मित्रांनो, घरात कोणाचा आवाज बसला आणि तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही, तर त्यांना घसा दाखवायला न्या. वेळेवर गेलं की दोन वाटा समोर असतात. आणि कोणाला जड बातमी सांगायची असेल, तर बाई मला लावतात तसा तो शब्द आधी स्वतःच्या हाताला लावून बघा, चटका तर बसत नाही ना.