थोडं बिघडवून द्या

"काका, हे फारच छान झालंय हो. थोडं बिघडवून द्या ना."

काउंटरवर ज्वालामुखी ठेवला होता आणि त्याच्याकडे बघून चौथीतल्या मुलाची आई खरोखरच काळजीत पडली होती. गेल्या वर्षी बाईंनी तिच्या मुलाला विचारलं होतं, "हे तूच केलंस ना?" त्यावर पठ्ठ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "हो, पाहिजे तर आईला विचारा. ती स्वतः जाऊन घेऊन आली."

मॉडेलकाका हसले नाहीत. हे त्यांचं रोजचंच होतं. त्यांनी ज्वालामुखी पुढे ओढला, लाव्ह्याचा लाल रंग एका बाजूला अंगठ्याने फासला, पायथ्याच्या एका झाडाची मान वाकवली. मग नावाची पट्टी फाडून नवीन लिहिली. अक्षरं सुरुवातीला ऐसपैस, नंतर जागा संपत आल्यामुळे बारीक, आणि शेवटचं तर जागाच न उरल्याने खाली लोंबकळणारं.

"आता झालं चौथीचं," ते म्हणाले. "मघाशी सहावीचं होतं."

"देव आहात काका तुम्ही," ती म्हणाली आणि ज्वालामुखी ओढणीखाली झाकून निघून गेली.

काकांचं दुकान शाळेच्या फाटकासमोर होतं. वह्या, पेनं, रंगपेट्या, दारातच झेरॉक्सचं यंत्र. पण खरा धंदा मागच्या खोलीत चाले. तिथे वीस-बावीस वर्षं ते पुठ्ठा आणि थर्माकोलातून पवनचक्क्या, धरणं, पूल आणि सूर्यमाला काढत आले होते. सगळं 'मुलांनी स्वतः केलेलं'. वस्तू चांगली करणं हे काही मोठं काम नाही, ते कुणीही सुतार करील. काकांची खरी कारागिरी चुकांमध्ये होती. पहिलीतलं मूल डिंक बदाबदा ओततं, तिसरीतलं वाचवून वाचवून लावतं, पाचवीतलं गोल कापायला जातं आणि त्याचा षटकोन होतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. मुलांच्या चुकांची एवढी माहिती कुठल्या मास्तरलाही नसेल.

ही विद्या त्यांनी आपल्या लेकीकडून घेतली होती. ती लहान असताना दिवसभर काहीबाही कापत, चिकटवत बसायची. मग एकदा म्हणाली, "बाबा, तुम्हीच करा ना. तुमचं छान होतं." काका हरखून गेले. पोरीने आपल्याला इतकं मानावं! त्यानंतर शाळा संपेपर्यंत शाळेच्या प्रदर्शनात दरवर्षी तिचा पहिला नंबर आला. आता ती दुसऱ्या शहरात होती, नोकरी, नवरा, एक मुलगा. काकू जाऊन नऊ वर्षं झाली होती. खोलीत बोलायला कुणी नव्हतं, म्हणून काका कामाशीच बोलत. "बस जरा सरळ," असं पवनचक्कीला म्हणत. आणि ती नीट बसू लागली की तिला न्यायला कुणीतरी येई. लेकी निदान माहेरपणाला तरी येतात. मॉडेलं गेली की गेली. शाळेच्या हॉलमध्ये ती कशी दिसतात हे काकांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. दुकान सोडून जाणार कसं, असं ते म्हणत. खरं म्हणजे त्यांना कुणी कधी बोलावलं नव्हतं.

यंदा मात्र शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या होत्या. त्यांनी प्रदर्शनाचा विषयच काढून टाकला. नाव ठेवलं 'माझ्या डोक्यातून'. मुलाला सुचेल ते त्याने करावं, आईवडिलांनी मागितली तरच मदत करावी आणि तीही फक्त तोंडाने, अशी सूचना घरोघरी गेली. घरोघरून ती काकांकडे आली.

"विषयच नाही म्हणे यंदा," एक आई वैतागून म्हणाली. "तुमच्या डोक्यात काय असेल ते करून द्या."

काकांनी डोकं खाजवलं. आत धरण होतं, पवनचक्की होती, ज्वालामुखी होता. तेच करून दिलं.

त्यानंतर दोन दिवसांनी मोठ्या बाई स्वतःच दुकानात आल्या. "काका, परीक्षक म्हणून याल का? एक इंजिनिअर साहेब येताहेत, निवृत्त आहेत. पण मुलांच्या हातच्या कामाची पारख तुमच्याइतकी कुणाला असणार? पुठ्ठा, रंग सगळं तुमच्याकडूनच तर नेतात."

चोराच्याच हाती तिजोरीची किल्ली! काकांनी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत त्यांना कुणी 'याल का' असं विचारलं नव्हतं. ते हो म्हणून बसले. मग शर्टाला दोनदा इस्त्री केली.

हॉलमध्ये एक्केचाळीस टेबलं मांडली होती आणि त्यातल्या चौतीस टेबलांवर काकाच बसले होते. आपण केलेल्या वस्तू अशा ओळीने बघताना त्यांना आधी अभिमान वाटला आणि मग कसंतरीच व्हायला लागलं. चुकासुद्धा त्याच त्याच होत्या. सगळ्या पट्ट्यांवर शेवटचं अक्षर लोंबकळत होतं. मुलं टेबलामागे शहाण्यासारखी उभी होती. काका जवळ आले की आया छताकडे बघत.

"हे कसं चालतं?" त्यांनी धरणामागच्या मुलाला विचारलं.

"तुम्हीच सांगितलं होतं, पण मी विसरलो," तो हळूच म्हणाला.

शेवटच्या रांगेत तिसरीतली एक मुलगी होती. हॉस्पिटलातल्या नर्सबाईंची. आईची ड्युटी बारा-बारा तासांची, त्यामुळे ती शाळेतून येऊन एकटीच घरी असायची. तिच्या टेबलावर मातीच्या दोन गोळ्यांत दोन पेन्सिली उभ्या खुपसल्या होत्या. त्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर खराट्याच्या काड्यांची एक पट्टी लोंबत होती. मधोमध चांगलाच झोळ पडलेली.

"हे काय गं?"

"पूल."

"कुठला?"

"मुंग्यांचा. आमच्या बाथरूममध्ये पाणी साठतं ना, मग त्या भिंतीवरून फिरून जातात. लांब पडतं त्यांना."

"मग, गेल्या का पुलावरून?"

"पहिल्या दिवशी एकच गेली. मग दुसऱ्या दिवशी सतरा. दोन अर्ध्यातून परत आल्या."

"त्या का आल्या?"

"मी नाही विचारलं." तिने जरा विचार केला. "घरी काहीतरी विसरल्या असतील."

काकांना हसू आलं. त्यांनी आजवर अकरा पूल केले होते. झुलते, कमानीचे, एक तर दिवे लागणारा. त्यांच्या एकाही पुलावरून कधी कुणी गेलं नव्हतं. हिच्या पुलावरून सतरा जणी गेल्या होत्या, आणि ते तिने मोजलं होतं. पहिला नंबर हिचा, त्यांनी मनात ठरवून टाकलं. जगात दुसरं काही ठरवायचं उरलंच नाही, इतकं पक्कं ठरवलं.

मुलगी पाणी प्यायला गेली. इंजिनिअर साहेब दोन टेबलं पलीकडे होते, चष्मा पुसत होते. काकांची नजर पुलावर गेली. फारच लोंबतोय. साहेब बघतील आणि म्हणतील, हा कसला पूल, आणि पोरीचा नंबर जाईल. आता यात विचार करण्यासारखं काय होतं? विचार केलाही नाही. बोटंच पुढे झाली. त्यांनी डावीकडचा दोरा ओढला, उजवीकडचा ओढला, पेन्सिलीला एकेक वेढा जास्त दिला, गाठ मारली. अर्ध्या मिनिटाचं काम. पूल ताठ झाला, देखणा झाला. काका मायेने त्याच्याकडे बघून पुढच्या टेबलाकडे गेले.

साहेब तिथे बराच वेळ थांबले. "ताण काय अचूक घेतलाय!" ते म्हणाले. "या वयात! कमाल आहे."

निकाल जाहीर झाला. पहिला नंबर मुंग्यांचा पूल. टाळ्या वाजल्या. मुलगी जागची उठली नाही.

"ये बाळा, वर ये," मोठ्या बाई म्हणाल्या.

"तो माझा नाही," मुलगी म्हणाली.

टाळ्या थांबल्या. मोठ्या बाईंचा चेहरा बदलला. "तुझा नाही? मग कुणी केलाय? घाबरू नकोस, खरं सांग. घरी कुणी करून दिला का?"

मुलगी मान हलवत राहिली. तिला रडू येत होतं आणि ते ती गिळत होती. मागून कुणीतरी आई दुसरीला म्हणाली, "बघा, एवढीशी आहे पण..." हॉलमधल्या चौतीस टेबलांवर आपल्या वस्तू, आणि खोटं बोलल्याचा आळ कुणावर, तर हिच्यावर! काकांना बसवेना. पण उठलं तर दुकान गेलं, हेही त्यांना स्पष्ट दिसत होतं. रस्त्यापलीकडचं ते दुकान सोडून या जगात त्यांचं होतं तरी काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती झाकलेलीच राहिली असती, कुणी विचारतही नव्हतं.

ते उठले. "बाई, तिला काही बोलू नका. पूल तिनेच केलाय. मी त्याला हात लावला. दोरे मी ओढले, ती पाणी प्यायला गेली होती तेव्हा."

"तुम्ही? पण का?"

"सवय आहे," काका म्हणाले.

बाईंनी काकांकडे पाहिलं, मग धरणाकडे, मग पवनचक्कीकडे, मग ओळीने लोंबकळणाऱ्या शेवटच्या अक्षरांकडे. अजूनही सारवासारव झाली असती कदाचित. पण तेवढ्यात चौथीतलं ते पोरगं अभिमानाने ओरडलं, "माझा ज्वालामुखीपण काकांनीच केलाय!"

पुढची दहा मिनिटं सांगण्यात अर्थ नाही. आयांनी आपापली मुलं आणि वस्तू उचलल्या. एकीने जाता जाता काकांना ऐकवलं, "आमची अब्रू घालवून काय मिळवलंत?" साहेबांना गाडी गाठायची होती. मोठ्या बाई रागावल्या नाहीत. त्या नुसत्या "काका, उद्या बोलू" म्हणाल्या, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

मुलगी टेबलापाशी बसून गाठी सोडवत होती. काका तिच्याजवळ गेले.

"मला वाटलं, तो चुकून ढिला राहिलाय," ते म्हणाले.

"आधी मी घट्टच केला होता," ती मान वर न करता म्हणाली. "पण घट्ट केला की टोकं जमिनीवरून उचलली जातात. मग त्यांना चढता येत नाही. म्हणून ढिला केला. चार दिवस लागले."

मुलांच्या चुका ओळखण्यात ज्यांनी हयात घालवली, त्यांना जी चूक वाटली ती चूक नव्हतीच. तो त्या पोरीने चार दिवस मुंग्यांकडे बघून लावलेला शोध होता. त्यांनी सगळं विचारलं होतं, फक्त हा पूल असा का, एवढं विचारलं नव्हतं.

काकांची गाठ पक्की होती. तिची नखं तिथवर पोचत नव्हती. दोनदा दोरा हातातून सुटला. काकांना ती गाठ एका झटक्यात सुटली असती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं आणि तसेच उभे राहिले. शिपायाने सगळ्या खुर्च्या आवरल्या तरी ते उभेच होते.

अखेर गाठ सुटली. तिने दोरा थोडा सोडला, वाकून बघितलं, आणखी थोडा सोडला.

"आधी किती होता?" तिने विचारलं.

"मला नाही आठवत," काका म्हणाले. ते खरंच होतं. तो जसा होता तसा त्यांनी नीट पाहिलाच नव्हता.

"मला पण नाही," ती म्हणाली. मग तिची आई आली, ड्युटीच्या कपड्यांतच, आणि दोघी पूल घेऊन गेल्या.

काका दुकानात परतले. संध्याकाळची गिऱ्हाइकाची वेळ होती, पण कुणी आलं नाही. दिवा लावला तेव्हा फोन वाजला. लेकीचा होता.

"बाबा, एक काम होतं. याच्या शाळेत प्रदर्शन आहे, पुढच्या महिन्यात. एक मॉडेल करून पाठवाल का? काहीही चालेल, तुम्हाला सुचेल ते."

काका म्हणाले, "त्यालाच करू दे की गं. काय करेल ते करेल. आणि तू बस त्याच्याजवळ. नुसती बस."

"अहो, त्याला काही येत नाही बाबा. काय करू विचारतो, आणि नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसतो." ती हसली. अगदी मनमोकळं हसली, तिच्या मनात काही नव्हतं. "आणि मी तरी काय सांगू? मला तरी कुठं काय सुचतं? तुम्ही होतात ना."

काका फोन कानाला लावून तसेच बसले. पलीकडून तिने दोनदा हॅलो म्हटलं.